तासन्‌तास ऐकण्यासाठी हेडफोन निवडताना आधी काय पाहावे: अडवलेला गोंगाट की डोक्यावरचा दाब?

श्रुतलेखक (मूळ लेखन):

ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या शब्दशः लिहून काढणे हे माझे काम आहे आणि त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास माझ्या डोक्यावर हेडफोन असतो. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्याला दीर्घकाळ ऐकायचे आहे त्याने 'हा हेडफोन बाहेरचा आवाज किती डेसिबलने कमी करतो' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. पहिला प्रश्न 'चौथ्या तासाला तो डोक्यावर सहन होतो का' हाच असला पाहिजे.

या दोन गोष्टींचा झगडा रचनेतच आहे. बाहेरचा आवाज अडवायचा तर कानाभोवतीची फट बुजली पाहिजे, फट बुजायची तर गादी त्वचेला घट्ट चिकटून बसली पाहिजे, आणि ती तशी बसावी म्हणून वरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी दाब द्यावा लागतो. दुकानात पाच मिनिटे घालून पाहिले की हा दाब आश्वासक वाटतो, पण तोच दाब संध्याकाळपर्यंत जबड्याच्या सांध्यापाशी ठणकू लागतो. माझा पूर्वीचा हेडफोन शांतता उत्तम देत असे, परंतु दर तासाला तो काढून ठेवावा लागे, आणि काढून ठेवलेला हेडफोन कोणताही गोंगाट अडवत नाही. आता मी बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो वापरतो. त्याचे वजन सुमारे २७० ग्रॅम आहे, गाद्या मखमली आहेत, आणि तो बाहेरचा आवाज साधारण १८ डेसिबलने कमी करतो असे निर्माते सांगतात. हा आकडा मोठा नाही, पण मला तो पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांची कारणे जाणून घ्यायला आवडेल.

निवांत:

मला तो पुरत नाही आणि आपल्यालाही पुरत असेल याविषयी मला शंका आहे. आपण दाबाचा विचार केलात, पण आवाजाच्या पातळीचा केला नाहीत. आजूबाजूला गजबज असताना बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून माणूस नकळत आवाज वाढवत जातो, आणि सात-आठ तास ऐकणाऱ्याला हीच गोष्ट सर्वांत महागात पडते. कामाच्या ठिकाणच्या गोंगाटासाठी अमेरिकेतील नायोश ही संस्था ८ तासांना ८५ डेसिबल ही मर्यादा सुचवते, आणि पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा करायला सांगते. म्हणजे ८८ डेसिबलला ४ तास, ९१ डेसिबलला २ तास. या हिशेबाने गोंगाट अडवण्यातला दहा-बारा डेसिबलचा फरक किरकोळ राहत नाही.

दाब नको आणि शांतताही हवी असेल, तर कानाच्या नळीत खोलवर बसणाऱ्या इअरफोनचा विचार आपण का करत नाही? एटिमॉटिक या कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा असा इअरफोन बाजारात आणला, तेव्हापासून ही रचना उपलब्ध आहे. फोमचे टोक बोटांत चोळून बारीक करायचे, कान किंचित वर आणि मागे ओढून आत सरकवायचे आणि ते फुगून बसेपर्यंत धरून ठेवायचे. एवढे नीट केले तर बाहेरचा आवाज ३५ डेसिबलच्या आसपास कमी होतो. डोक्यावर वजन नाही, कानाभोवती घाम नाही, आणि चष्मा वापरणाऱ्यांची अडचणही नाही. ज्यांना इअरफोन 'टोचतो' ते बहुतेक वेळा चुकीच्या मापाचे टोक वापरत असतात, आणि दोन्ही कानांचे माप सारखेच असते असे मुळीच नाही.

सावकाश:

निवांत यांच्या हिशेबाशी सहमत आहे, उपायाशी नाही. कान बुजले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो; नळी खोलवर बंद झाली की हे घुमणे कमी होते हे खरे, पण इअरफोन अर्धवट बसला तर तोच आवाज, चावण्याचा आवाज आणि पावलांचा आवाज असह्य वाटतात. आणि बहुतेकांच्या कानात तो अर्धवटच बसतो. शिवाय कान रोज आठ तास बंद ठेवले की आत ओल राहते आणि एरवी आपोआप बाहेर येणारा मळ आत ढकलला जातो. मला यामुळेच नळीच्या त्वचेचा संसर्ग झाला होता आणि डॉक्टरांनी काही आठवडे कानात काहीही न घालण्याची ताकीद दिली होती. दाबाने दुखणारे डोके हेडफोन काढल्यावर अर्ध्या तासात बरे होते; सुजलेली नळी तशी बरी होत नाही.

घुमट:

इतक्या चर्चेत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गोंगाट रद्द करणाऱ्या हेडफोनचा उल्लेखही नाही, याचे आश्चर्य वाटते. बाहेरच्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर निर्माण करून ती मिटवायची, ही कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला तिचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले. बोस कंपनीने १९८९ मध्ये वैमानिकांसाठी असा हेडसेट आणला, आणि वैमानिक हा तर तासन्‌तास ऐकणाराच श्रोता आहे.

मूळ लेखनातला झगडा ही पद्धत बऱ्याच अंशी सोडवते. खर्जातला सलग आवाज, म्हणजे इंजिनाची, पंख्याची किंवा वातानुकूलन यंत्राची घरघर, केवळ गाद्यांनी अडवणे अवघड असते. नेमका तोच भाग येथे विद्युत मंडल सांभाळते, त्यामुळे पट्टीचा दाब सौम्य ठेवता येतो. त्यातही खर्जातला आवाज आपल्यापेक्षा उंच स्वराच्या आवाजाला झाकोळतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. घरघर गेली की बोलण्यातली व्यंजने आपोआप उठून दिसतात आणि आवाज वाढवण्याचा मोह होत नाही. वजन मात्र तपासून घ्यावे: सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा आहे, तर ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा. १३० ग्रॅमचा हा फरक हातात घेऊन जाणवत नाही, मानेला जाणवतो.

श्रुतलेखक:

घुमट यांचा मुद्दा घरघरीपुरता मला मान्य आहे. माझ्या कामात आडवी येते ती शेजारच्या टेबलावरची बोलणी, आणि अचानक उमटणाऱ्या, सतत बदलणाऱ्या आवाजांपुढे ती यंत्रणा कमी पडते. साधारण १००० हर्ट्झच्या वर, म्हणजे उंच स्वराच्या आवाजांत, तर सगळी भिस्त पुन्हा गाद्यांवर आणि बंद कवचावरच येते. याखेरीज, ती सुरू केल्यावर काही जणांना कानात दडे बसल्यासारखे वाटते, आणि मी त्यांपैकी एक आहे. इतरांना तसे वाटत नसेल तर त्यांनी ती जरूर घ्यावी.

निवांत यांनी मला खरोखर विचारात पाडले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेले मानक तर आणखी कडक आहे: प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. माझे आठवड्याचे ऐकणे त्याहून अधिक होते. म्हणून कालपासून मी एक चाचणी करतो आहे. नेहमीच्या गजबजाटात एकच मुलाखत लावून, प्रत्येक शब्द कळेल इतका किमान आवाज ठेवायचा आणि ती पातळी टिपून घ्यायची. मग शांत खोलीत तेच करायचे. दोन्ही पातळ्यांत माझ्या हेडफोनवर मला वाटले होते त्याहून जास्त अंतर निघाले. मखमली गाद्यांतून आवाज झिरपतो, हे त्यामागचे एक कारण आहे. कृत्रिम चामड्याच्या गाद्या फट अधिक चांगली बुजवतात, पण त्यांत कान तापतात.

काडीपैलवान:

चष्मेवाल्यांच्या वतीने एक गोष्ट सांगावीशी वाटते. खोक्यावरचा आकडा चष्मा नसलेल्या डोक्याचा असतो. काडी जाड असेल तर गादी तेथे उचलली जाते आणि त्या बारीकशा फटीतून सर्वांत आधी खर्जातला गोंगाट आत शिरतो. म्हणून ज्यांना चष्मा आहे त्यांनी सेनहायझरच्या एचडी २८० प्रोसारख्या, ३२ डेसिबलपर्यंतचा दावा असलेल्या घट्ट हेडफोनपेक्षा जाड आणि मऊ गाद्यांचा हेडफोन पाहावा आणि चष्म्याची काडी बारीक घ्यावी. मी दुसरा उपाय आधी केला आणि जुनाच हेडफोन सुसह्य झाला.

निवांत:

श्रुतलेखक यांनी चाचणी केली याचा आनंद आहे, तरी माझे मत बदललेले नाही. सावकाश यांना झालेला त्रास खरा आहे आणि ज्याच्या कानाला असा त्रास होतो त्याने नळीत काही घालू नये. परंतु टोके रोज पुसून कोरडी ठेवली, फोम कडक झाला की बदलला आणि दर दोन तासांनी कान दहा मिनिटे मोकळे सोडले, तर तोच मार्ग अनेकांना चालतो. मला तो चालत आला आहे. श्रुतलेखक यांनी तीच मुलाखत, त्याच गजबजाटात, एकदा फोमच्या टोकांनी ऐकावी आणि किमान पातळी किती निघाली ते येथे लिहावे.

श्रुतलेखक:

तीन मापांची टोके मागवली आहेत. उजव्या आणि डाव्या कानाची नोंद वेगवेगळी ठेवेन.