उ: जुन्या एसएमपीएसवर जामा बोर्ड
वर विचारलंय की भंगारातला कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि व्हीजीए मॉनिटर जामा बोर्डाला, म्हणजे आर्केड व्हिडिओ गेमच्या सर्किट बोर्डाला, चालेल का, तर एसएमपीएस चालतो पण बोर्ड जोडायच्या आधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट नीट बघून घ्या, आणि हो, काही जुन्या बोर्डांना आवाजासाठी उणे ५ पण लागतं, ते नव्या एटीएक्स प्रकारच्या एसएमपीएसमध्ये नसतं, जुन्या एटी प्रकारातली पांढरी वायर तीच. मॉनिटरचं मात्र अवघड आहे. बहुतेक बोर्ड चित्राचा सिग्नल (पडद्यावर ओळी आखायचा वेग) १५ किलोहर्ट्झच्या आसपास देतात, व्हीजीएला ३१ लागतात. त्यापेक्षा कंपोनंट इनपुटवाला (चित्रासाठी तीन वेगळ्या वायरी लागणारा) जुना डबा टीव्ही शोधा, लोक घरातली अडगळ जावी म्हणून फुकटात पण देतात, मध्ये बोर्डाचा आरजीबी (लाल-हिरवा-निळा) सिग्नल बदलून देणारा आरजीबी टू कंपोनंट कन्व्हर्टर टाकला की झालं. जामाचा ५६ पिनांचा कनेक्टर उलटा बसला तर बोर्ड गेलाच समजा, खाच बघूनच लावा.