तुमच्याकडे हे दिवस कसे पाळतात? जवान, आणि स्फोटांत गेलेली आपली माणसं

जवानाला निरोप द्यायची रीत ठरलेली आहे. ‘शोक शस्त्र’ची आज्ञा होते, बंदुकांच्या नळ्या खाली जातात, बिगुलावर लास्ट पोस्ट वाजतं. पण ऑफिसातून लोकलने घरी निघालेला आणि न पोचलेला माणूस? त्याला सलामी कुठली? घरात, गावात काय करता ते लिहा. भाषणं नकोत, पाहिलेलं सांगा.

*

११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत स्फोट झाले. १८० हून जास्त माणसं गेली, त्यांत माझा मामा. मामी दरवर्षी माहीम स्टेशनवरच्या स्मृतिफलकापाशी जाते, तेही त्याच वेळेला, म्हणजे ऐन गर्दीत. धक्के बसतात, कुणी "जरा बाजूला व्हा ना" म्हणून खेकसतं. ती हलत नाही. पिशवीतून फुलं काढते, ठेवते आणि पुढची गाडी पकडते. २०२५ मध्ये ती तिथे जाऊन आली आणि दहाच दिवसांनी, २१ जुलैला, उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. बातमी लागली तेव्हा तिने टीव्ही बंद केला नि कुकर लावला. मी काय बोलणार?

*

आमच्या शेजारी असंच एक घर आहे. मुलगा आता चांगला कमावतो, पण पास सेकंड क्लासचाच काढतो. कारण कुणी विचारत नाही.

*

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर पंचवीस हजारांहून जास्त नावं आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकूंना घेऊन गेलो होतो. नाव सापडायला वेळ लागला. मला वाटलं, आता कोसळतील. त्यांनी पदराने अक्षरांवरची धूळ पुसली आणि शेजारची नावं वाचायला लागल्या. "हा ह्यांच्याच तुकडीतला. चहा फार प्यायचा."

*

गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. २६ नोव्हेंबरला अधिकारी, पुष्पचक्रं, कॅमेरे. एरवी ड्युटी संपलेला एखादा हवालदार थांबतो, टोपी सारखी करतो, सॅल्यूट ठोकतो आणि चालू पडतो. नुसत्या लाठीवर असलेल्या माणसाने कसाबची रायफल धरून ठेवली, याचा अर्थ खात्यातल्यांना वेगळा सांगावा लागत नाही.

*

मी सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याची सून. ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात तेच. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जण कामी आले. इथे फौजेत जाण्याचं कुणाला नवल नाही. खटकतं ते वेगळंच. पंधरा ऑगस्ट आला की वीरपत्नींना स्टेजवर बसवतात. शाल, श्रीफळ, फोटो. सासूबाईंकडे शालींचा गठ्ठा आहे, एकही अंगावर घेतलेली नाही. पेन्शनच्या कागदात नावाची एक वेलांटी चुकली होती, तेव्हा मात्र त्यांना एकटीने खेटे घालावे लागले. सत्कार करणाऱ्यांपैकी कुणाची जीप असेल, तर पुढच्या खेपेला शालीऐवजी तीच पाठवा.