चुंबकीय क्षेत्र जेट ‘ड्राइव्ह’ करतं: मराठीत क्रियापद कोणतं?

पाटीपेन्सिल: नुकत्याच घडत असलेल्या जड ताऱ्यांवरचा लेख मराठीत आणतेय. त्यांच्या दोन्ही ध्रुवांकडून वायूचे जेट सुटतात आणि चुंबकीय क्षेत्र ते ‘ड्राइव्ह’ करतं. ‘चालवतं’ लिहिलं की रिक्षा आठवते, ‘प्रेरित करतं’ लिहिलं की पाठ्यपुस्तक. जेटला सध्या ‘झोत’ लिहिलंय.

उंटावरचा शहाणा: झोत उजेडाचा. इथे तर वायू धावतोय. धनू राशीतला एचएच ८०-८१ बघा, अशाच एका घडत्या जड ताऱ्याचा जेट, १० प्रकाशवर्षांहून लांब. फवारा म्हणा.

सुरंगी: फवारा पसरतो हो, द्राक्षबागेवर मारतात तो फवारा. एवढं लांब जाऊनही बारीक राहते ती धार. गाईची धार कासंडीत कशी सरळ पडते!

उंटावरचा शहाणा: धारेला पिळणारं कोणी तरी लागतं.

ध्रुवबाळ: आहे ना. ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीतून निघालेल्या चुंबकरेषा तिच्याबरोबर फिरतात. त्या चकतीशी ६० अंशांहून कमी कोनात कललेल्या असल्या, की त्यांना धरून असलेला आयनित (विद्युतभारित) वायू बाहेर भिरकावला जातो. हे ब्लँडफर्ड आणि पेन या खगोलशास्त्रज्ञांचं १९८२ चं गणित. वर गेल्यावर रेषा मागे पडून वेटोळ्या होतात आणि वायूला आवळतात. शिवाय जाणारा वायू कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, घेऊन जातो, म्हणून तर उरलेला ताऱ्यावर पडू शकतो. तेव्हा आधी ‘भिरकावणे’, मग ‘आवळणे’.

पाटीपेन्सिल: माझ्या वाक्यात जागा एकाच क्रियापदाला आहे.

खडूफळा: आधी ते ‘चुंबकीय’ काढा. चुंबकी! मराठीला ‘ईय’ची लागण झालीय. आणि झोत आला ज्योतीवरून, त्यामुळे तो उजेडाचाच.

उंटावरचा शहाणा: ध्वनी जुळला म्हणजे व्युत्पत्ती होत नाही. मला तो स्रोतावरून आलेला वाटतो.

सुरंगी: मग ‘स्रोत’ तरी ध्वनीवरूनच जुळवलात ना? 😄 आणि खडूफळा, ‘राष्ट्रीय’चं ‘राष्ट्री’ करणार का?

ध्रुवबाळ: क्षेत्र नुसतं कागदावर नाही, बरं का. एचएच ८०-८१ मधून येणाऱ्या रेडिओलहरी ध्रुवित, म्हणजे ठरावीक दिशेतच कंप पावणाऱ्या, असल्याचं २०१० साली अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओदुर्बिणींनी टिपलं. चुंबकरेषांभोवती प्रकाशाच्या जवळपास वेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन अशा लहरी देतात. पुढे आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओदुर्बिणीनेही त्याच जेटमध्ये अशाच इलेक्ट्रॉनांची खूण पाहिली. २०२२ मध्ये दुसऱ्या एका घडत्या ताऱ्याजवळ पाण्याच्या मेसरचे (पाण्याच्या वाफेतून लेसरसारख्या येणाऱ्या रेडिओलहरींचे) ठिपके जोडले, तर वायूच्या वाटा चक्क मळसूत्री निघाल्या.

खडूफळा: मळसूत्री! बघा, ‘मळसूत्रीय’ म्हणालात का?

सुरंगी: मळसूत्री म्हणजे मळसूत्राच्या घडणीचं. चुंबकीय म्हणजे चुंबकासंबंधीचं. तुलनाच चुकीची.

खडूफळा: मग ‘सरकारी’ काय सरकारच्या घडणीचं असतं?

पाटीपेन्सिल: क्रियापद, मंडळी…

उंटावरचा शहाणा: ‘सरकार’ फारसी आहे, त्याचा दाखला इथे चालणार नाही.