चीफ डॅन जॉर्ज अभिनयाकडे इतक्या उशिरा कसे वळले?

प्रश्न : ‘लिटल बिग मॅन’ या चित्रपटातील वृद्ध सरदार साकारणारे कॅनडाचे चीफ डॅन जॉर्ज त्याआधी काय करत होते, हे कोणी सांगू शकेल काय?

उत्तर १ : व्हँकुव्हरजवळच्या आदिवासी समाजात १८९९ मध्ये जन्मलेल्या जॉर्ज यांनी अनेक वर्षे गोदीत हमाली केली आणि १९५१ ते १९६३ या काळात ते समाजाचे प्रमुख होते, त्यामुळे ‘चीफ’ ही उपाधी पडद्यासाठी घेतलेली नव्हे. दूरचित्रवाणीवरील पहिली भूमिका त्यांना साठीच्या सुमारास मिळाली.

उत्तर २ : १९७० च्या या चित्रपटासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. मरण यावे म्हणून डोंगरावर आडवे झालेले हे सरदार आजोबा चेहऱ्यावर पाऊस पडू लागताच उठून परततात, तो प्रसंग पाहावा. तेथे विनोद आहे, पण हसवण्याची धडपड नाही.

उत्तर ३ : १९७६ च्या ‘द आउटलॉ जोसी वेल्स’मध्येही हाच मिश्किलपणा दिसतो, आणि माझ्या मते तेथे तो अधिक खुलतो.