जपानी पाहुणे येतायत, आईला काय शिकवू?

प्रश्न (तारकर्ली): आमच्या होमस्टेला जपानी जोडपं येतंय. आईला त्यांच्याच भाषेत दोन शब्द बोलायचेत. सोपं काय?

उत्तर (रत्नागिरी): सकाळच्या नमस्काराला 'ओहायो गोझाइमासु'. नुसतं 'ओहायो' घरच्यांत चालतं, पाहुण्यांना नको. दुपारी 'कोन्निचिवा', काळोख पडला की 'कोम्बानवा'. वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, म्हणून काकूंना जड जाणार नाही. 'कोरे वा साकाना देसु', हा मासा आहे. 'देसु'तला उ जवळपास गिळायचा. मग वाटी पुढे करून बिनधास्त 'कोरे वा सोलकढी देसु'!

उत्तर (वेंगुर्ला): पाहुण्यांच्या नावानंतर 'सान' (आपल्या 'जी'सारखं) हवंच. स्वतःच्या नावाला कधीच नाही.

प्रश्नकर्ता: आई विचारते, सुरमईला काय म्हणू?

रत्नागिरी: तिच्याच कुळातला मासा तिकडे खातात, 'सावारा'. काकूंनी खुशाल तेच म्हणावं.