शिप बंदराला लागल्यावर शहर किती बघून होतं? सांगली-साताराकरांनो, आपापले अनुभव लिहा

विश्रामबागची

पुढच्या मे महिन्यात आईबाबांना घेऊन भूमध्य समुद्रातली क्रूझ करायचं घरात ठरलंय. रोमला चढायचं, मग नेपल्स, अथेन्स, इस्तंबूल आणि परत रोम. ब्रोशरमध्ये एकेका शहराचं नाव ठळक छापलंय पण नकाशा उघडला तर रोमला समुद्रच नाही, शिप लागते ती चिवितावेक्किया नावाच्या गावाला, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. अथेन्सचं बंदर पिरेअस, तेही वेगळं. मग त्या "सकाळी ७ ते संध्याकाळी ६" मधले खरे तास हातात येतात किती? बाबांना इतिहासाचा भारी नाद, त्यांची यादी आत्ताच दोन पानं झालीय. आईचे गुडघे बोलतात.

तर ज्यांनी ज्यांनी असं केलंय त्यांनी लिहा प्लीज. बंदरातून शहरात कसे गेलात, काय बघितलं, काय सोडून दिलं. युरोपच पाहिजे असं नाही, कोचीवाले, मलेशियावाले सगळे या. ट्रॅव्हल कंपन्यांची जाहिरात मात्र नको.

माहुली स्टेशन

ताई, तुम्ही रोमलाच चढणार ना, मग सोपंय. शिपच्या तारखेच्या आधी जाऊन रोममध्ये राहा. आम्ही तसंच केलं. एकतर आपण साताऱ्याहून मुंबई, मुंबईहून आखातात कुठेतरी विमान बदलून रोम असे जाणार, त्यात एक फ्लाइट लेट झाली की शिप गेली आणि शिप काय एसटी नाही मागून दुसरी यायला. दुसरं म्हणजे रोमच्या जागांना आता टायमाचं तिकीट असतं. कोलोसियमचं तिकीट नावावर निघतं, गेटवर ओळखपत्र बघतात, व्हॅटिकनच्या म्युझियमलाही वेळ आधीच बुक करावी लागते. फुलांच्या सीझनला कासच्या पठारावर जसं ऑनलाइन बुकिंग करून दिलेल्या वेळेत जावं लागतं तसंच समजा, नुसतं गेटवर जाऊन "लांबून आलोय ओ" म्हणून कोणी आत सोडत नाही.

आणि वार बघा वार! व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडं असतं आणि त्या दिवशी गर्दी म्हणजे काय विचारू नका. सेंट पीटर्स चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, त्यामुळे शॉर्ट्सवाली पोरं बाहेर. पॅंथिऑन, म्हणजे जुनं रोमन देऊळ, आधी फुकट होतं, २०२३ पासून तिकीट लावलंय. पण बाबांना तिथे न्याच, हेड्रियन बादशहाच्या काळातला काँक्रीटचा घुमट, वर मधोमध उघडं भोक, पाऊस आला की सरळ आत पडतो आणि खालच्या फरशीला निचऱ्याची बारीक भोकं ठेवलीत. आमचे वडील इंजिनिअर (पाटबंधारे खातं, रिटायर) ते घुमट सोडून ती भोकंच बघत बसलेले.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यात जागोजाग लोखंडी नळ चोवीस तास वाहत असतात, पिण्याचंच पाणी आहे, मस्त गार.

घाटावरची

माहुलीवाले दादा, सगळ्यांना आधी जाऊन राहणं जमत नाही ओ. हॉटेलं महाग, रजा मिळत नाही, आमच्या ह्यांचं दुकान. आमची शिप दुसरीकडून निघालेली आणि रोम वाटेत एका दिवसाचं बंदर म्हणून आलं. तरी छान झालं कारण आम्ही उलटा हिशेब केला. समजा शिप ७ ला निघणार, म्हणजे सगळ्यांनी आत यायची वेळ ६ किंवा ६:३०, ती कार्डावर किंवा रोजच्या पत्रकात छापलेली असते. त्याच्या दीड तास आधी आपण चिवितावेक्किया स्टेशनवर पोचलेलं बरं. ट्रेनला तासभर, एखादी गेली तर म्हणून अजून एक तास हातात. म्हणजे अडीचला रोम सोडायचं! आणि सकाळी शिप ७ ला लागली तरी उतरायला, बंदराच्या बसने गेटपर्यंत यायला, स्टेशनला पोचायला साडेआठ होतात, रोममध्ये साडेनऊ-दहा. उरले साडेचार तास. त्यात जेवण धरा.

मग आम्ही ठरवलं की नदीच्या एकाच बाजूने सुरुवात करायची. चिवितावेक्कियाची गाडी मुख्य टर्मिनी स्टेशनच्या आधी सॅन पिएत्रोला थांबते, तिथून सेंट पीटर्सचा चौक चालत पंधरा मिनिटं. चर्च बघितलं, म्युझियमला हातच लावला नाही, मग टायबर नदीवरचा देवदूतांचा पूल ओलांडून नवोना चौक, पॅंथिऑन, पिझ्झा, परत. कोलोसियम लांबून सुद्धा बघितलं नाही. जाऊबाई अजून विचारतात "रोमला जाऊन कोलोसियम नाही बघितलंस?" नाही बघितलं. पण जे बघितलं ते धावत नाही बघितलं.

हां आणि लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारून मगच चढा, नाहीतर तिकीट असून दंड.

मिरजकर

नेपल्सबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. बंदर शहरातच आहे. पण आम्ही शहर सोडून पोम्पेईला गेलो, इसवी सन ७९ ला व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं गाव. बंदरावरून टॅक्सीने स्टेशन, तिथून लोकल पाऊण तासाच्या आत पोम्पेई स्कावी स्टेशनला, उतरलं की समोरच गेट. गाडी जुनाट आणि कोंबलेली, पाकीट पुढच्या खिशात ठेवा. आत सावली नावालाच, रस्ते म्हणजे दगडाचे मोठे मोठे चिरे, त्यात चाकाच्या चाकोऱ्या पडलेल्या. ताई, आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर इथे मी नेणार नाही. त्यापेक्षा नेपल्सचं पुरातत्त्व म्युझियम करा, पोम्पेईची मोज़ेकं, भित्तिचित्रं बरीचशी तिथेच आणून ठेवलीत. मंगळवारी बंद असतं तेवढं बघा.

कराडच्या काकू

माझेही गुडघेच, म्हणून मुद्दाम लिहितेय. अथेन्सला पिरेअसहून मेट्रो आहे, हिरव्या लाइनने मोनास्टिराकीला अर्ध्या तासाच्या आत पोचतो. समोर मान वर केली की अॅक्रोपोलिस, जुन्या देवळांची टेकडी. तिथेही आता वेळेचं तिकीट, आणि सकाळी ८ चं मिळालं तर सोनं, कारण नंतर सगळ्या शिपच्या बसा एकदम येऊन उभ्या राहतात आणि संगमरवर इतका गुळगुळीत झालाय की चप्पल घालून गेलात तर घसरगुंडीच. आमच्या ह्यांना आणि लेकाला वर पाठवलं आणि मी सरळ खालच्या अॅक्रोपोलिस म्युझियममध्ये गेले. लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत, फरशी काचेची आणि खाली खोदकामात सापडलेली जुनी वस्ती दिसते. वरच्या मजल्यावर टेकडीवरच्या पार्थेनॉन देवळाची शिल्पं मूळ जागी ज्या क्रमाने होती तशीच मांडलीत, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्यांच्या जागी पांढरे प्लॅस्टरचे ठसे. खिडकीतून खरं देऊळ समोर. हे वरून घामाघूम होऊन आले तर मी कॉफी पीत बसलेले, आणि मला शिल्पांबद्दल त्यांच्यापेक्षा जास्त माहिती झालेली!

वरती टेकडीला दिव्यांगांसाठी लिफ्ट आहे, २०२० मध्ये नवीन बसवली, पण ती सगळ्यांसाठी नाही. आईंना व्हीलचेअर लागत असेल तर आधी चौकशी करा.

वाळव्याचा गडी

सगळे आपलं आपण फिरायचं म्हणताय पण मी शिपच्याच टूरचा माणूस हाय. महाग असत्यात, मान्य. पण शिपची टूर अडकली तर शिप थांबती, आपली आपण टॅक्सी करून अडकलो तर धक्क्यावर उभं राहून हात हलवायचा. आम्हाला फ्लोरेन्स होतं, शिप लागती लिव्होर्नोला, नव्वदएक किलोमीटर. येताना हायवेला अपघात, गाड्या तुंबलेल्या. बसमधली गाइड निवांत, आम्ही पण निवांत. टॅक्सीवाली जोडपी घड्याळ बघून रडकुंडीला आलेली.

माझं साधं गणित, बंदर शहरातच असलं तर आपलं आपण, शहर लांब असलं तर शिपची बस. काही शिपवाले फक्त जाण्यायेण्याची बस पण देत्यात, शहरात सोडत्यात आणि ठरल्या वेळेला उचलत्यात, गाइड नाही काय नाही. रोमला ती मिळाली तर घ्या.

हळदपेठ

इस्तंबूलला तर बंदर शहराच्या पोटातच आहे. गलाटापोर्ट, २०२१ ला सुरू झालं, टर्मिनल जमिनीखाली. बाहेर आलं की ट्राम, टी१ लाइन, पूल ओलांडून थेट सुलतानअहमत, म्हणजे जुन्या शहराचा भाग. पायी सुद्धा जाता येतं, गलाटा पुलावर मासे धरणाऱ्यांची रांग बघत. बऱ्याच शिप इथे रात्रभर थांबतात, तुमची थांबत असेल तर बाबांची यादी इथे सोडवा.

फक्त वारांचं जमवा. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद. ग्रँड बाजार रविवारी बंद. ब्लू मॉस्क नमाजाच्या वेळी पर्यटकांना बंद, शुक्रवारी दुपारी तर बराच वेळ. आया सोफिया आधी म्युझियम होतं, २०२० पासून परत मशीद झालीय, परदेशी पर्यटकांना २०२४ पासून वरच्या गॅलरीत सोडतात, तिकीट २५ युरो. बायकांनी स्कार्फ जवळ ठेवावा. बाबांना जमिनीखालचं जुनं पाण्याचं टाकं दाखवा, जस्टिनियन बादशहाच्या काळातलं, ३३६ खांब, दोन खांबांच्या तळाशी मेडुसाचं (ग्रीक कथांतली सापाच्या केसांची बाई) डोकं, एक आडवं आणि एक उलटं. उन्हाळ्यात आत गार असतं, आई पण खूश.

मी स्वतः मसाला बाजारात अडकलो. धंद्याची खोड, दुसरं काय. हळदीच्या प्रत्येक ढिगात बोट घालून बघितलं, दुकानदाराने विचारलं कुठून आलात, सांगलीचं नाव काढल्यावर त्याला काही कळलं नाही, पण मी हळद चोळून रंग बघतोय म्हटल्यावर त्याने आतला डबा काढला. बायको बाहेर उभी राहून कंटाळली. आपल्या राजापुरीची सर नाही, पण केशर बघण्यासारखं होतं.

पोवई नाका

आमचं देशी. मुंबईहून कोची. हे लोक विसरतात की मुंबई हेच जुनं शहर आहे आणि आपण तिथे फक्त कामाला जातो. साताऱ्यात रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली की सकाळी सीएसएमटी, आणि शिप सुटते ती बॅलार्ड पिअरहून, टॅक्सीने दहा मिनिटं. चढायचं दुपारी. मधले तास टर्मिनलच्या दारात बॅगांवर बसून घालवणारी मंडळी बघितलीत. आम्ही बॅगा क्लोकरूममध्ये टाकल्या (कुलूप पाहिजे बॅगेला, नाहीतर घेत नाहीत), स्टेशनचीच इमारत बाहेरून नीट बघितली, १८८८ ची, आयुष्यभर तिच्यातून पळत बाहेर पडलो पण वरचे दगडी मोर-माकडं कधी बघितली नव्हती. मग काळा घोडा, वस्तुसंग्रहालय, जेवण, शिप. घारापुरी मात्र त्या दिवशी ठेवू नका, लाँचला एका बाजूचा तास जातो, आणि सोमवारी लेणी बंद.

कोचीला परत वारांचाच घोळ. शिप विलिंग्डन बेटावर लागते, रिक्षाने मट्टनचेरी जवळ. पण शुक्रवारी मट्टनचेरीचा राजवाडा बंद, आणि शेजारचं १५६८ चं ज्यूंचं सिनेगॉग शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बंद. आम्ही तारीख निवडतानाच हे बघितलेलं. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं सुंदर, फोटो काढू देत नाहीत. फोर्ट कोचीला सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलेलं ती जागा दाखवतात, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. मासे धरायची चिनी जाळी सकाळी लवकर बघा, दुपारी नुसती लटकलेली असतात.

फलटण

पेनांगचं जॉर्जटाउन, मलेशिया. गाडी, ट्रेन, टूर काही नको. धक्क्यावरून उतरलं की घड्याळाचा मनोरा आणि कॉर्नवॉलिस किल्ला समोर. लिटल इंडियात इडली मिळते. एवढंच, पण सगळ्यात आरामाचं बंदर तेच होतं.

विश्रामबागची

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन पानांची यादी काढून पोम्पेईवर काट मारली आणि मिरजकरांचं म्युझियम लिहिलं. रोमला आधी जायचं नक्की. आता शंका दोन. व्हिसा कसा घ्यायचा, मध्ये तुर्कस्तान आहे म्हणून? आणि पासपोर्ट शिपवाले ठेवून घेतात हे खरं का?

माहुली स्टेशन

इटली-ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, तुर्कस्तान नाही. म्हणजे इस्तंबूलला गेलात की शेंगेनच्या बाहेर, परत रोमला आलात की पुन्हा आत. त्यामुळे मल्टिपल एंट्रीच मागा, अर्जाला क्रूझचं पूर्ण वेळापत्रक जोडा. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. तुर्कस्तानचा ई-व्हिसा चालू शेंगेन व्हिसावर ऑनलाइन निघतो, पण शिपवाले काय कागद मागतात ते लेखी विचारून घ्या, चढताना तेच तपासतात.

पासपोर्ट काही शिपवर ठेवून घेतात, काही नाही. झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये फोटो दोन्ही ठेवा, कारण कोलोसियमसारख्या ठिकाणी ओळखपत्र लागतं.

घाटावरची

आणि ताई, घड्याळ! इटलीहून ग्रीस-तुर्कस्तानकडे जाताना वेळ एक तास पुढे जाते. मोबाइल आपोआप बदलतो पण शिपची वेळ बदललीय का ते रिसेप्शनला विचारून एक साधं मनगटी घड्याळ त्यावर लावा. समुद्रात असताना मोबाइल फ्लाइट मोडवरच, नाहीतर शिपच्या नेटवर्कचं बिल बघून फीट येईल.

भडंग न्या भरपूर, सीलबंद पाकिटातलं. फळं मात्र शिपवरून खाली न्यायला बऱ्याच बंदरांत मनाई असते, आमच्या सासूबाईंची केळी गेटवरच काढून घेतलेली.

विश्रामबागची

भडंगाचं आईने आधीच ठरवलंय, मी काही बोलतच नाही त्यात. तारखा हातात आल्या की कुठल्या बंदराला कुठला वार पडतोय ते इथेच टाकते, मंगळवारी इस्तंबूल आलं तर हळदपेठवाले काका, तुम्हालाच विचारणार.