गिअरचं आउटर: बेतात कापायचं की सढळ ठेवायचं?

घाटवेडा:
साताऱ्यात कुठलीबी एमटीबी (डोंगरात चालवायची सायकल) बघा, हॅन्डलसमोर आउटरचं, म्हणजे गिअरच्या वायरवरच्या कव्हरचं, हे भलंमोठं कडं लोंबतंय. कंपनीतनं आलं तसंच दुकानदार ठेवतो, गिऱ्हाईकबी काय बोलत नाही. माझं म्हणणं, कापूनच बसवा. जादा लांबी म्हणजे जादा वळणं आणि तिथं इनर (आतली वायर) घासणार, मग यवतेश्वरचा चढ संपला की गिअर बारीक चकतीवर पडायला रेंगाळतो, कारण तिकडं ओढायला फक्त डिरेलरची (चेन एका चकतीवरनं दुसरीवर सरकवतो तो भाग) स्प्रिंग असते. वर फ्रेमचा रंग घासून जातो तो वेगळाच. हॅन्डल सरळ धरा, मापा, कापा, विषय संपला.

शेंद्रे_फाटा:
'हॅन्डल सरळ धरा' इथंच घोळ आहे भावा! दोन्ही बाजूला पार टोकापर्यंत वळवून बघ की. सरळ धरून कापलेलं आउटर वळवलं की ताणतं, त्याच्या तोंडावरची टोपी फ्रेमवरच्या स्टॉपमधनं (ती अडकते ती खाच) निसटते आणि गिअर आपोआप बदलतो. कासकडं कुठं आपटलास नि हॅन्डल गर्रकन फिरलं तर शिफ्टरच (हॅन्डलवरचा गिअर बदलायचा खटका) ओढला जाईल. लांब असलं तर उद्या कापता येतं, आखूड झालेलं वाढवणार कसं? रुंद हॅन्डल टाकलं तरी परत नवंच घ्यायला लागणार.

घाटवेडा:
बरं, पुढचं मानलं, अर्धं. पण मागचं? डिरेलरजवळचं कडं तू म्हणतोस तसं सढळ ठेवलं तर बाहेर फुगून झुडपात अडकतंय. तिथं बेतातच पाहिजे.

शेंद्रे_फाटा:
बेतात म्हणजे किती ते सांग ना. आखूड झालं तर अ‍ॅडजस्टरच्या (डिरेलरवर आउटर शिरतं तो फिरवायचा स्क्रू) तोंडाशीच मुडपतं. तिथं ते सरळ शिरलं पाहिजे, बास.

पाना_पक्कड:
तुमची लांबीवर जुंपलीय, टोकाकडं कोण बघतंय? गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीनं सरळ असतात, ब्रेकच्यात पट्टीची गुंडाळी. साध्या पक्कडीनं दाबून कापलं की तोंड चेपतं आणि आतली प्लास्टिकची नळी मिटते. केबल कटरनं कापा, कानशीनं तोंड सपाट करा, टोच्यानं नळी गोल उघडा, मगच टोपी. हे न करता कितीबी मापा, गिअर जडच चालणार. आणि 4 मिमीचं गिअरचं आउटर उरलं म्हणून ब्रेकला लावणारे महाभाग आहेत, त्यांनी तर गाडीला हातच लावू नये, जोरात ब्रेक दाबला की ते फुटू शकतं.

डबल_शॉक:
मागं पण सस्पेन्शन असेल तर दोघांचंबी माप चुकणार. शॉकमधली हवा सोडा, मागचं चाक पार वर दाबा, हॅन्डल वळवा आणि तेव्हा मापा. कितीतरी फ्रेममध्ये दाबल्यावर अंतर वाढतं, उभ्या गाडीवर ते दिसतच नाही.

शेंद्रे_फाटा:
बघा, म्हणजे सढळच की!

घाटवेडा:
सढळ कुठं, नेमकं म्हणतोय तो. तुझं ते अंदाजपंचे, 'असू दे थोडं जादा'.

कृष्णाकाठ_सांगली:
एवढा काथ्याकूट कशाला राव, जुनं आउटर शेजारी धरायचं नि तेवढंच नवं कापायचं. आमच्या सांगलीत सपाटीला सगळं चालतंय.

पाना_पक्कड:
आणि जुनंच कुणीतरी चुकीचं कापलेलं असलं तर? गाडी सेकंडहँड असली की हमखास. आधी ते गाडीवर असतानाच हॅन्डल वळवून बघा, ताणतंय का, कुठं मुडपतंय का, मगच काढा.

कृष्णाकाठ_सांगली:
आता तर काढून टाकलंय 😅